पोटावर वळ नसला तरी

‘जिन्यावरून पडला’ म्हणून दोन-अडीच वर्षांचं मूल आणतात. उलटी हिरवी, पोट ताठ, हात लावू देत नाही. अंगावर मात्र ओरखडाही नसतो. बालशल्यचिकित्सक म्हणून मी ठामपणे सांगते, इथे मारहाणीचा संशय घ्यायलाच हवा. लाथ किंवा बुक्की बसली की आतडं मणक्यावर चेंगरतं, यकृत फाटतं. पण पोटाची भिंत लवचीक असल्याने वळ उमटतोच असं नाही. साध्या पडण्याने आतडं सहसा फाटत नाही. मूल उशिरा आणलं, हकिगत बदलत गेली, तर कपडे काढून सगळं अंग तपासा, यकृताच्या एन्झाइम्सची रक्ततपासणी करा, गरज पडल्यास सीटी स्कॅन करा. आई-बाप दुखावतील म्हणून गप्प बसू नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. चौकशीविना मूल त्याच हातांत परत देणं म्हणजे उपचार अर्धवट सोडणं.