शेजारी देशांशी होणाऱ्या कांदा व्यापाराला लेखी हमी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

आम्ही निफाड, येवला व चांदवड तालुक्यांतील कांदा उत्पादक आपणांस निवेदन करतो की,

बांगलादेश हे आमच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, लासलगावहून कांद्याची मालगाडी बांगलादेशातील दर्शना स्थानकापर्यंत गेली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि भरलेले ट्रक पेट्रापोल, महदीपूरच्या सीमेवर अडकले. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो तो वारा खेळता असतो म्हणून. ताडपत्रीखाली, भाद्रपदातल्या दमट हवेत, त्याला मोड येतात, गोण्यांना पाणी सुटते. पुढे वाट मोकळी झाली तरी तो माल कोण घेणार?

२०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच सांगितले होते की, निदान आधी कळवत जा. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात पुन्हा बंदी आली. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. दरम्यान ढाक्याने पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा मागवून पाहिला. तुटलेले गिऱ्हाईक परत जोडणे किती अवघड, हे लिलावात उभे राहणाऱ्या कोणालाही विचारावे.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, २००६ पासून लागू आहे. त्याचा भर आयातशुल्क कमी करण्यावर. निर्यात एका रात्रीत थांबली तेव्हा त्याचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ यांच्याशी करार करून कांद्याचा किमान वार्षिक कोटा ठरवावा आणि टंचाईच्या वर्षीही तो पाळावा. निर्बंध लावायचेच झाले तर तीस दिवस आधी सूचना द्यावी. बंदीच्या तारखेआधी बाजार समितीतून निघालेला माल कोणत्याही परिस्थितीत सीमेवर अडवू नये. अडला तर भरपाई द्यावी.

बांगलादेशचे सरकारही आपल्या शेतकऱ्याच्या काढणीच्या काळात आयात परवाने थांबवते. तोही आमच्यासारखाच कांदा पिकवणारा. त्याच्या भावाला संरक्षण मिळू नये, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ते महिने करारातच लिहिलेले असावेत, म्हणजे चाळीतला कांदा कधी काढायचा हे आम्हाला ठरवता येईल.

खरीप कांदा बाजारात येण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
कांदा उत्पादक शेतकरी, जि. नाशिक

प्रत : मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई.