लॅपटॉपचा दिवा आणि साडेचार हजारांची बॅटरी

परवा भाची रडकुंडीला येऊन घरी आली. परीक्षा तोंडावर, प्रोजेक्ट अर्धवट आणि लॅपटॉप ६० टक्क्यांच्या पुढे चार्जच होईना. स्क्रीनवर लिहून येतंय, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. दुकानात नेला तर दुकानदाराने दिव्याकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला, "बॅटरी गेली. साडेचार हजार."

मी सेटिंग उघडून बघितलं. कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये बॅटरी जपण्याचा पर्याय चालू होता. तो बंद केला, तासाभरात बॅटरी शंभरावर. खर्च शून्य रुपये.

हा पर्याय म्हणजे बिघाड नव्हे, सोय आहे. लिथियम-आयन बॅटरी कायम पूर्ण भरलेली आणि वर गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. म्हणून दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय देतात. पण हे सांगतो कोण?

आता दिव्याचं बघा. अ‍ॅपलच्या मॅगसेफ चार्जरवर नारिंगी म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे भरली. दुसऱ्या काही कंपन्यांत भरल्यावर पांढरा. कुठे नारिंगी लुकलुकला की बॅटरी संपत आली, कुठे तेच लुकलुकणं बिघाडाची खूण. रस्त्यावरच्या सिग्नलचा अर्थ गावोगाव बदलला तर चालेल का आपल्याला? शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांनी काय करायचं?

टाइप-सी आल्यापासून आणखी एक घोळ. ६५ वॅटचा चार्जर लागणाऱ्या लॅपटॉपला मोबाईलचा २० वॅटचा लावला की काही मशीनचा दिवा लागतो, पण काम करताना बॅटरी उतरतच जाते. दोष चार्जरच्या ताकदीचा, बिल फाटतं बॅटरीच्या नावाने.

बॅटरी खरंच गेली का, हे घरी बघता येतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट', असं इंग्रजीत टाइप करा. अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे बघा : बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते. मूळ ५०,००० आणि आज ४२,००० असेल तर ८४ टक्के शिल्लक आहे. अशी बॅटरी बदलायची घाई कशाला? हां, टचपॅड वर उचललाय, खालचं झाकण फुगलंय, तर मात्र चार्जिंग लगेच बंद. तिथे काटकसर नको, टोचून बघणं तर अजिबात नको. सरळ जाणकाराकडे न्या.

सगळे दुकानदार लबाड असतात असं मी म्हणत नाही. दहा कंपन्यांचे दहा संकेत त्यांनी तरी किती लक्षात ठेवायचे? पण न तपासता "बॅटरी गेली" म्हणणं हा धंदा नव्हे. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले. जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकली आहे. कागद चांगला आहे. पण चांगली बॅटरी विनाकारण बदलली जात असेल तर आपण पैसे देऊन कचराच वाढवतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक, दिव्याचा अर्थ मशीनच्या पाठीवर छापा, आणि माहितीपत्रक मराठीतही द्या. दोन, बॅटरी बदलण्याआधी क्षमतेचा अहवाल गिऱ्हाईकाला दाखवा आणि बिलाला जोडा. तीन, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवताना अर्धा तास यावरही घाला. एक्सेल येतं, पण स्वतःच्या मशीनचा दिवा वाचता येत नाही, हे शिक्षण अर्धंच म्हणायचं.

गाडी गॅरेजला टाकताना आपण दहा प्रश्न विचारतो. लॅपटॉप देताना मात्र गप्प बसतो, कारण आपल्याला कळत नाही अशी लाज वाटते. लाज सोडा, अहवाल मागा. तुमच्याकडून असे पैसे गेले असतील तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, अनुभव सांगा. दुसऱ्या कुणाचे तरी साडेचार हजार वाचतील.