क्रेडिट कार्डाचं बिल थकलं तर शेतजमीन जाते का?

भडगाव तालुक्यात अनेक घरांत पैसा दरमहा येत नाही. कापूस विकला की येतो, केळीची गाडी भरली की येतो. कार्डाचं बिल मात्र ठरलेल्या तारखेला येतंच. दवाखाना, मुलांची फी, खतं-औषधं असं एकेक कार्डावर चढतं आणि मधले तीन-चार महिने हाती काही नसेल तर 'किमान देय रक्कम' भरून वेळ मारून नेली जाते. खरी अडचण तिथून सुरू होते.

समजा थकबाकी ६०,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज झालं २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये. तुम्ही ३,००० रुपये भरले तरी मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. वर्षाचा दर ४२ टक्के! २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे 'व्याज फार आहे' एवढं म्हणून आता सुटका नाही. बँकेशी बोलणी करावीच लागतात.

आणि बोलणी करायला तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे. कार्डाचं कर्ज सहसा विनातारण असतं. सातबाऱ्यावर त्याचा बोजा नसतो, वसुली एजंटाला घरातली वस्तू उचलायचा अधिकार नसतो. बँकेला आधी दिवाणी दावा किंवा लवादाचा मार्ग धरावा लागतो. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, बैल आणि पगाराचा मोठा हिस्सा जप्तीतून वगळलेला आहे. शेतजमीन मात्र त्या यादीत नाही. म्हणून कोर्टाचं समन्स आलं तर ते परत पाठवू नका, हजर राहा. निव्वळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली वर्गीस खटल्यात सांगितलं आहे. 'अटक वॉरंट निघालं' असे व्हॉट्सअॅपवर येणारे कागद बहुतेक वेळा घाबरवण्यासाठी असतात. दिलेला चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो, त्यामुळे कोऱ्या चेकवर सही नको.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच असते. चारचौघांत अब्रू जाईल म्हणून सावकाराकडून पैसे उचलायचे, बदल्यात शेताचं खरेदीखत करून द्यायचं आणि कार्ड फेडायचं. जे कर्ज जमिनीला चिकटलेलं नव्हतं, ते आपणच जमिनीला चिकटवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि अशी बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण तो व्यवहार सावकारीचाच होता हे सिद्ध करताना दमछाक होते. त्यापेक्षा पीक हाताशी असेल तर बँकेत सोनं तारण ठेवून कार्ड संपवणं परवडतं. पीक हाताशी नसेल तर सोनंही अडकवू नये, असं आमचं मत.

बँकेला कळवायचं ते हप्ता चुकण्याआधी आणि लेखी. गावातल्या शाखेला कार्डाबाबत सहसा अधिकार नसतात, तेव्हा कार्ड विभागाला ईमेल करा: उत्पन्न किती, पैसे कधी येणार, किती भरू शकता. थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून मागा. कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर त्या खात्यात आलेला पिकाचा पैसा बँक परस्पर वळती करू शकते, हेही लक्षात असू द्या.

किमान रक्कम ९० दिवस थकली की खातं एनपीए होतं. त्यानंतर एकरकमी तडजोडीची भाषा सुरू होते. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि एजंटाला रोख तर कधीच नाही. रक्कम भरल्यावर बेबाकी दाखला घ्या. तडजोडीची किंमत असतेच. सिबिलवर 'सेटल्ड' अशी नोंद राहते, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार ती बँक किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, अशी ताकीद मुख्यमंत्री फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना दिली होती, पण त्या भरवशावर तडजोड करणं धोक्याचं.

एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन रेकॉर्ड करा, बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी क्रमांक १४४४८. धमकी आली तर थेट पोलीस ठाणं.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. तडजोडीवर सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा कापूस-केळीच्या पैशांशी जुळतात का ते बघा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.