सहा चुका माफ!

आयटीत नोकरी लागली की गावाकडच्या मंडळींच्या लेखी तुम्ही थेट मेकॅनिक होता. माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, एक्सेलमध्ये भरायच्या आणि संध्याकाळी कॅन्टीनमध्ये त्यांच्याच शिव्या खायच्या. कॉम्प्युटरचा डबा उघडून आत हात घालायची वेळ माझ्यावर मे २००६पर्यंत आलेली नव्हती. पण हे वसमतला कोणाला सांगणार? रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून उतरलो, चहाचा पहिला घोट घेतला आणि काकांनी विषय काढला, “आरं, ते डबडं लई स्लो चालायलंय. तुला तं त्याचाच पगार देतेत ना?”

वसमत म्हणजे हळद. हिंगोली जिल्ह्यातला हा तालुका. (जिल्हा झाला १ मे १९९९ला. त्याआधी आम्ही परभणीवाले. काकांच्या लेटरहेडवर २००६ सालीसुद्धा परभणीच छापलेलं होतं.) शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून फिरवतात, त्याला पॉलिश म्हणतात. तेव्हा उडणारी पिवळी धूळ जाईल तिथं जाते. शर्टात, चहात, कॅल्क्युलेटरच्या बटनांत. काकांचा असेम्बल्ड कॉम्प्युटर पॉलिशच्या गोडाऊनला लागून असलेल्या खोलीत होता. कीबोर्डवर हळदीकुंकवातली अर्धी तयारी झालेलीच होती म्हणा ना!

आत्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. लग्नाची हळद जात्यावर दळतात, तेव्हा बायका ओव्या म्हणतात. आमच्या घरात त्या म्हणायची आजी. ती १९९४ साली गेली. पण १९८९च्या उन्हाळ्यात काकांनी टू-इन-वन तिच्यासमोर ठेवून तासाभराची एक कॅसेट भरली होती. आत्याचं एकच मागणं होतं, हळदीच्या सकाळी मांडवात आईचा आवाज लागला पाहिजे. आणि मग पाचही भावंडांना एकेक सीडी.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली पहिल्या दिवशी. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावली, ऑडॅसिटी सुरू केलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. तासाचे ६०० एमबी झाले. सीडीत ७०० मावतात, म्हणजे हिशेब जमला. दुसरी बाजू संपली आणि कॅसेट परत गुंडाळताना टेपनं फीत खाल्ली. चुरगळून, ताणून, दोन जागी तोडून टाकली. आता आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. हळदीच्या धुळीतल्या त्या डबड्यात. माझ्या पेन ड्राइव्हची ऐपत २५६ एमबी. एमपी३ करून त्यात ठेवायची अक्कल तेव्हा सुचली नाही, हे आधीच कबूल करतो.

मग सीडी राइट करायला घेतली. निरो उघडलं, ५२एक्स स्पीड निवडला, बटन दाबलं. आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. माउस असा सरकायचा, जणू त्याचे गुडघे दुखताहेत. खिडकीवर क्लिक करा, चुलत भाऊ तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत ती उघडायची. तीन-साडेतीन मिनिटांचं काम, पंचवीस मिनिटं झाली तरी अर्ध्यावर. तेवढ्यात लाइट गेली. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंगच्या वेळेवर घड्याळ लावायचे. त्या दिवशी मात्र लाइट वेळेआधीच गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच देवाघरी गेलेली. पहिली सीडी बाद. चुलत भावानं ती लगेच मागून घेतली. ज्वारीत पाखरं हाकलायला चमकणाऱ्या सीड्या दोरीला टांगायची फॅशन तेव्हा जोरात होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी तालुक्याच्या दुकानातून एक माणूस आणला. त्यानं पाच मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि निकाल दिला, “रॅम टाकावं लागंल. न्हाय तं फॉरमॅट मारू. लईच जुनं झालंय, नवंच घ्या की.” काका लग्नाच्या पैशातून नव्या मशीनचा हिशेब करायला लागले. मला मात्र एकच शब्द ऐकू आला होता. फॉरमॅट! त्या काळी सर्दीला क्रोसिन तसं कॉम्प्युटरला फॉरमॅट. माणूस सीडीची पेटी उघडत होता. मी अक्षरशः खुर्ची आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये उभा राहिलो. “उद्या या, आज मुहूर्त नाही,” असं काहीतरी बोललो. काकांना ते पटलं, हे विशेष.

पुण्यातला एक मित्र हार्डवेअरमधला. त्याला फोन लावला. त्यानं एकच प्रश्न विचारला, “फक्त सीडी लिहितानाच स्लो होतो की नेहमीच?” च्यायला, हा प्रश्न मला सुचायला पाहिजे होता. टेस्टर मी आहे! तपासलं. टॅली झकास चालत होतं. पत्ते झकास. सीडी लिहिताना, वाचताना मात्र बोंब. म्हणजे रॅमचा संबंध नाही. रॅम कमी असता तर टॅलीही रडलं असतं.

मग त्यानं टास्क मॅनेजर उघडायला लावला. व्ह्यू मेन्यूत ‘शो कर्नल टाइम्स’वर टिक. ग्राफमध्ये हिरव्या रेषेबरोबर एक लाल रेषा आली. सीडी सुरू केली तशी हिरवी शंभराला टेकली आणि लाल तिच्या अंगाला चिकटून वर गेली. “बघ,” तो म्हणाला, “प्रोग्रॅम काही खात नाहीये. सिस्टिम स्वतःच हमाली करतीये. पीआयओत गेलंय ते.”

आता हे पीआयओ काय, ते मला आडत दुकानामुळे कळलं. शेठ गल्ल्यावर बसतो, मुनीम वही लिहितो आणि पोती हमाल उचलतात. शेठ फक्त सांगतो, ‘ही चाळीस पोती त्या गोडाऊनला’. झालं की हमाल येऊन सांगतो. कॉम्प्युटरमध्ये याला डीएमए म्हणतात. डेटा परस्पर मेमरीतून ड्राइव्हकडे जातो, प्रोसेसर मोकळा. पीआयओ म्हणजे हमाल संपावर आणि शेठ स्वतः पोती वाहतोय. तेही कसं? त्या केबलवरून एका वेळी दोन बाइट जातात. ५२एक्सला सेकंदाला सुमारे ७.८ एमबी लागतात. म्हणजे शेठच्या सेकंदाला ३९ लाख फेऱ्या! गिऱ्हाईक गल्ल्यापाशी ‘शेठ, शेठ’ करतंय, तेच आपलं माउस. आणि एवढं करून माल वेळेवर पोचत नाहीच. राइटरची स्वतःची मेमरी असते दोनेक एमबीची, पूर्ण वेगात ती पाव सेकंदात रिकामी होते. फार जुन्या राइटरमध्ये तिथंच सीडी बाद व्हायची. २००० सालानंतरच्या राइटरमध्ये थांबून पुन्हा तिथूनच लिहायची सोय आली. म्हणून आमची सीडी जळत नव्हती, नुसती धुमसत होती.

पण हमाल संपावर गेले का? इथं खरी गंमत आहे. विंडोज एक्सपी त्या केबलवरच्या चुका मोजतं. डेटा वाटेत बिघडला, ड्राइव्हनं वेळेत उत्तर दिलं नाही, की एक चूक. सहा चुका माफ. त्यापुढे वेग एक पायरी खाली. पुन्हा चुका, पुन्हा खाली. असं करत करत शेवटी पीआयओ. हेतू चांगलाच आहे, वेग गेला तरी चालेल पण माल नीट पोचू दे. फक्त गोची अशी की पायरी उतरलेलं गाडं आपण होऊन वर चढत नाही. कोणी तुम्हाला सांगतही नाही. चुलत भाऊ भाड्यानं आणलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या व्हीसीडी दोन वर्षं त्याच ड्राइव्हमध्ये घालत होता. प्रत्येक अडखळलेला पिक्चर खात्यावर जमा होत होता.

उपाय ऐकून मी हसलोच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलर्सखाली ‘सेकंडरी आयडीई चॅनल’. प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथं ‘करंट ट्रान्सफर मोड’समोर पीआयओ लिहिलेलं होतं. वरच्या खोक्यात ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडलेलंच होतं, म्हणजे सेटिंग बदलून उपयोग नव्हता. मग तो चॅनलच अनइन्स्टॉल करायचा आणि मशीन रीस्टार्ट. विंडोज चॅनल नव्यानं शोधतं, जुनी पापं विसरतं. केलं. हात थरथरत होते, कारण ‘अनइन्स्टॉल’ या शब्दाखाली आजी होती. (ती प्रायमरी चॅनलवरच्या हार्ड डिस्कवर होती, तिला धक्का लागणार नव्हता. पण हे डोक्याला कळतं, हाताला नाही.) मशीन वर आलं. अल्ट्रा डीएमए मोड २. सीडी साडेतीन मिनिटांत बाहेर. माउस लोण्यासारखं.

इथं हा कॉलम संपायला हवा होता. पण दोन सीड्या झाल्या आणि तिसरीला परत तेच! मोड पुन्हा घसरलेला. टेस्टिंगमध्ये आम्ही याला ‘रीओपन्ड’ म्हणतो आणि डेव्हलपरकडे विजयी नजरेनं बघतो. इथं डेव्हलपरही मीच. मी चुकांचं खातं पुसलं होतं, चुका कुठून येतात ते पाहिलंच नव्हतं.

मग डबा उघडला. आत हळदीचा थर. पंख्यावर, बोर्डावर, सगळीकडे. राइटरच्या ट्रेमधून आत फुंकर मारली तर पिवळा ढग आला. आणि ड्राइव्हकडे जाणारी ती राखाडी, चपटी, रिबिनीसारखी केबल डब्याच्या पत्र्याखाली घडी पडून दबलेली. ही केबल ४० तारांची असते किंवा ८० तारांची. टोकाला पिना दोन्हीला ४०च, पण ८०वालीत प्रत्येक तारेशेजारी एक अर्थची तार असते, म्हणून शेजाऱ्याची बडबड शेजाऱ्याला ऐकू जात नाही. सीडी राइटरच्या वेगाला ४०वाली पुरते, धडधाकट असेल तर. आमची नव्हती. चुलत भाऊ नांदेडला जाऊन नवी ८०वाली घेऊन आला. निळं टोक मदरबोर्डला, काळं ड्राइव्हला. लेन्सवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं काढली, चॅनल पुन्हा उडवला, रीस्टार्ट. उरलेल्या तिन्ही सीड्या लाइट जायच्या आत झाल्या. शेवटची लिहीत असताना काका मुद्दाम पत्ते खेळत बसले. नव्या मशीनचा विषय परत निघाला नाही.

(आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया वेधशाळा मंजूर झाली आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर धावणार आणि आरशाची प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजणार. आमचा लेझर हळदीच्या कणाला अडखळत होता.)

हळदीच्या सकाळी मांडवात प्लेअर लावला. आधी कॅसेटची खरखर, मग जात्याची घरघर, मग आजी. मला वाटलं होतं आत्या रडेल. ती पाचव्या मिनिटाला म्हणाली, “इथं आई चुकली,” आणि जात्याच्या खुंट्याला हात घालून पुढची ओवी स्वतःच म्हणायला लागली. तिच्यामागून बाकीच्या. पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत आणि ‘परी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या काही ऐकता येतात. त्यात आमची आजी नाही. तिच्यापर्यंत फक्त काकांचा टू-इन-वन पोचला होता.

गेल्या दिवाळीत त्या पाच सीड्या शोधल्या. दोन हरवल्या, एक पोरांनी खेळायला घेतली, एकीचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला. राहिली आत्याची. ती यूएसबीच्या राइटरमध्ये घातली आणि माझा चांगला दणकट लॅपटॉप थिजला. जुना अनुभव जागा झाला, पण हा आजार वेगळा. आता ती चपटी केबलही नाही आणि सहा चुकांचं खातंही नाही. ड्राइव्हला खराब जागा वाचता येत नव्हती, तो तिथंच परत परत डोकं आपटत होता आणि लॅपटॉप त्याची वाट बघत होता. राइटर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावला, म्हणजे त्याला वीज पुरेशी मिळेल. सीडी मधून बाहेरच्या दिशेला पुसली, गोल गोल नाही. वाचायचा स्पीड कमी केला आणि जेवायला गेलो. तुमच्याही माळ्यावर लग्नाच्या, बारशाच्या सीड्या असतील. आज वाचताहेत तोवर उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. हे काम दिवाळीच्या साफसफाईपेक्षा पटकन होतं.

परत आलो तर एकोणसाठ मिनिटं उतरली होती. फक्त मधले काही सेकंद गेले. शेवटचं गाणं संपल्यावर जातं थांबतं, बांगड्या वाजतात आणि टू-इन-वनच्या अगदी जवळ येऊन आजी काकांना विचारते, “भरलं का रं समदं त्यात?”