शाल नको, वाचक द्या!

दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरची आली म्हणजे व्यापारी पोत्यावरचे नाव वाचून बोली लावीत नाही. तो मूठभर मिरची हातात घेतो, रंग पाहतो, ओल चाचपतो आणि मगच भाव सांगतो. हा साधा न्याय त्याच गावात कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुणाच्या वाट्यास मात्र येत नाही. त्याचे पुस्तक निघाले की शाल येते, श्रीफळ येते, दोन-चार भाषणे होतात, गौरवाची विशेषणे सढळ हाताने उधळली जातात. पुस्तक तेवढे कोणी उघडून पाहत नाही. सत्कार होतो, वाचन होत नाही. नवोदित लेखकाची याहून सभ्य उपेक्षा दुसरी कोणती असेल?

या लेखकाचा दिनक्रम आमच्या वाचकांस अपरिचित नसावा. दिवसा शाळा, दुकान किंवा आडतीवरचे हिशेब. रात्री घर निजल्यावर लेखन. दिवाळी अंकांकडे कथा धाडावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची. बहुधा उत्तर येतच नाही. शेवटी पदरमोड करून पुस्तक छापावयाचे आणि त्याचे गठ्ठे घरातल्या कोनाड्यात रचावयाचे. भेटप्रत मागणारे पुष्कळ भेटतात, विकत घेणारे मोजके, आणि वाचून दोन शब्द सांगणारा एखादाच. कथा मोबाईलवर पाठविली, तर ती उघडण्यापूर्वीच ‘छान’ असा अभिप्राय येऊन थडकतो.

लहान गावात कसले आले साहित्य, असे म्हणणाऱ्यांनी खानदेशाकडे डोळे उघडून पाहावे. बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने निघाली ती 1952 साली, त्यांच्या निधनानंतर. आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल जाणले तेव्हा महाराष्ट्रास त्यांची ओळख पटली. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली पुण्याहून प्रसिद्ध झाली आणि पुढे त्यांना 2014 सालचे ज्ञानपीठ मिळाले. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा मांडव अमळनेरास 1952 साली पडला आणि पुन्हा 2024 साली पडला. सारांश, येथे बीज आहे, भूमी आहे, उत्सवाची हौसही आहे. उणीव आहे ती गावच्या वाचकाची. पुण्या-मुंबईचा शिक्का बसेपर्यंत आपल्या माणसाचे लेखन आपण वाचीत नाही, ही ती उणीव होय.

याच अमळनेरात साने गुरुजींनी निराळा मार्ग दाखविला होता. प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवीत. प्रकाशक नव्हता, समीक्षक नव्हता. वाचक मात्र शेजारच्या खोल्यांतच होते. पुढे 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेल्या या लेखकाचे पहिले वाचक छात्रालयातील पोरे होती, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

कारण पहिला वाचक जवळचाच हवा. दोंडाईच्याच्या कथेतील पात्र अहिराणीत बोलले तर दूरचा संपादक शब्दाशब्दाला अडखळेल. गावचा वाचक मात्र तो शब्द खरा की ओढून आणलेला, हे तत्काळ सांगेल. आडतीवरचा व्यवहार चुकीचा रंगविला असेल तर तो हमालाच्या ध्यानात येईल, प्राध्यापकाच्या येईलच असे नाही. लेखकाला हवी आहे ती अशी पारख. नुसती वाहवा नव्हे.

अर्थात लेखकाचेही कर्तव्य आहे. छापले ते सारे वाचनीय, असा दावा त्याने करू नये. स्वतःचे वाचावे म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्याचे वाचावे, आणि ‘हे जमले नाही’ असे कोणी प्रांजळपणे सांगितले तर रुसून बसू नये. मिरचीत ओल आहे असे सांगणारा व्यापारी शेतकऱ्याचा वैरी नसतो.

उपाय अवघड नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी आपल्या जिल्ह्यातील नव्या लेखकांसाठी एक कपाट राखावे आणि त्यातील पुस्तके भेटीदाखल न मागता दाम मोजून घ्यावीत. महिन्यातून एक संध्याकाळ कथावाचनास द्यावी. मराठीबरोबर अहिराणीसही तेथे मानाचे स्थान असावे. वीस श्रोते जमले तरी पुष्कळ झाले. मात्र हार-तुरे नकोत, अध्यक्षीय समारोप नको, कथा ऐकून मोकळेपणी बोलणे हवे. शाळा-महाविद्यालयांनी ‘लेखक आपल्या भेटीला’ हा सोहळा करण्याआधी विद्यार्थ्यांकडून त्या लेखकाची निदान एक कथा वाचून घ्यावी.

यास फार पैसा लागत नाही. एका सत्कारातील शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्या खर्चात त्याच लेखकाच्या दोन-तीन प्रती सहज विकत घेता येतील. पुढील सत्काराची निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी संयोजकांनी स्वतःस एवढेच विचारावे: ज्याचा गौरव करावयाचा, त्याचे पुस्तक आपण वाचले आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर समारंभ महिनाभर पुढे ढकलावा आणि आधी ते पुस्तक वाचून काढावे.