अर्धवट खेळांची वही

गेल्या महिन्यात पाथरीतीलच एक गृहस्थ अकरावीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार डोके दुखण्याची. डोळे तपासले, रक्तदाब पाहिला. दोष आढळला नाही. झोपेचे विचारताच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्री दोन-दोन वाजेस्तोवर मोबाईल. चौदा गेम भरून ठेवलेत, एकही पुरा करीत नाही." मुलगा पुटपुटला, "पुरे करायचेत म्हणून तर जागतो."

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. न वाचलेल्या दिवाळी अंकांचा ढीग माझ्याही घरी आहे, आणि दरवर्षी नवे अंक घेणे काही थांबत नाही.

मोबाईल फेकून दे, असे मी म्हटले नाही. ते वडिलांचे शंभरदा सांगून झाले होते. दोनशे पानी वही आणायला सांगितली. एका वेळी एकच गेम. कुठे अडलास, काय आवडले, कंटाळा केव्हा आला, हे पानभर लिहिल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. समासात झोपण्याची वेळ. आम्ही रुग्णाचा केसपेपर ठेवतो, तसेच हे. नुसत्या आठवणीवर विसंबले तर तीन तासांचा अर्धा तास होतो.

तीन आठवड्यांनी वही आली. कोड्यांचा एक गेम पुरा झाला होता, त्यावर तीन पाने. दोन गेम "आवडले नाहीत" असे लिहून काढून टाकलेले. माझ्या मते हेही पुरे करणेच. बीजीएमआयच्या पानावर मात्र चार दिवस एकच ओळ : "कालच्यासारखेच."

दुखणे नेमके इथे आहे. टीव्हीला जोडून खेळायचा मारिओ १९८५ चा. त्यात ८ जगे, प्रत्येकात ४ टप्पे. ३२ टप्पे झाले की खेळ संपे आणि माणूस जेवायला उठे. आजचे कित्येक मोबाईल गेम संपण्यासाठी केलेलेच नाहीत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर ते बुडाले. २०१२ साली आलेल्या कँडी क्रशलाही नवनवे टप्पे जोडले जातातच. अशा गेमची बाकी फिटणार कशी? म्हणून पालकांनी "किती वेळ खेळतोस?" एवढ्यावर न थांबता "हा गेम संपतो का?" हेही विचारावे.

वही म्हणजे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, खेळापुढे बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे, आणि हे साधारण १२ महिने टिकणे, अशी त्याची लक्षणे. तीव्र असेल तर इतके थांबूही नये. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

मुलाची डोकेदुखी कमी आहे. समासातली वेळ दोनवरून बारावर आली. मला साडेदहा हवी आहे. बीजीएमआय त्याने अजून काढलेला नाही. निघताना वडिलांनी वही वाचायला मागितली. मी ती मुलाच्या हातात दिली आणि म्हटले, "त्याला विचारा."