पांढरा डाग आणि चुकलेली दवंडी

साठी उलटल्यावर हातावर पांढरा डाग दिसला, की मनात पहिला विचार येतो तो औषधाचा नव्हे, ‘लोक काय म्हणतील’ याचा. घरात नातीचे लग्न ठरायचे असेल, तर तो डाग पदराआड जातो. कोणी दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचे निमित्त काढते, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे. कोडाचे खरे कारण या दोहोंत नाही. ते त्वचेच्या आत आहे.

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आसपासच्या तीस-पस्तीस पेशींना मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरवते. इतर पेशींप्रमाणे तीही आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. जणू उंबरठ्यावर ठेवलेला नमुनाच. गस्त घालणाऱ्या टी पेशी तो पाहतात आणि घरचाच आहे असे ओळखून पुढे जातात. प्रतिकारशक्ती ज्या खुणेवरून आपपर ठरवते, तिला प्रतिजन म्हणतात.

विषाणू शिरला, की प्रतिकारयंत्रणा संदेशवाहक प्रथिनांची दवंडी पिटते. ही प्रथिने म्हणजे सायटोकाईन. इंटरफेरॉन-गॅमा हे त्यांपैकी एक. ही दवंडी ऐकताच रंगपेशी उंबरठ्यावर अधिक नमुने मांडते. एरवी तिच्यावर सहसा न दिसणारी एचएलए-डीआर ही खूण उमटते. शिवाय आयसीएएम-१ नावाचे प्रथिन वाढते आणि त्याला धरून टी पेशी तिथे थबकते. संसर्गाच्या वेळी ही व्यवस्था उपकारक ठरते. कोडात मात्र शत्रू नसताना दवंडी पिटली जाते. रंग घडवणाऱ्या टायरोसिनेजसारख्या घरच्याच प्रथिनांचे तुकडे परके मानले जातात आणि रंगपेशी मारली जाते. मारणाऱ्या टी पेशी आणखी इंटरफेरॉन सोडतात. ते ऐकून शेजारच्या त्वचापेशी नव्या टी पेशींना बोलावतात, आणि चक्र फिरत राहते.

हे चक्र कळल्यामुळेच उपचाराला दिशा मिळाली. पेशीच्या आत ही दवंडी पोहोचवणारा मार्ग अडवणारे रुक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत २०२२ साली कोडासाठी मान्य झाले. नॅरोबँड यूव्हीबी किरणांचा उपचार त्याआधीपासून चालत आला आहे. केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या झाल्या, की डागात आधी तपकिरी ठिपके उमटतात. त्याला महिने लागतात. म्हणून धीर हवा. डागातील केसही पांढरे झाले असतील, तर रंग परतणे कठीण असते. यासाठीच त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जावे.

सांभाळ करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उतारवयात नडगीवर आणि हातांवर येणारे तांदळाएवढे पांढरे ठिपके बहुधा वयाचे असतात, कोडाचे नव्हेत. डागावर स्पर्श किंवा उष्णता जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कपाळावर टिकलीच्याच जागी डाग आला असेल, तर तिच्या गोंदातील रसायन कारण असू शकते. टिकली तत्काळ थांबवावी. परकराची नाडी घट्ट बांधू नये आणि अंग खरखरीत दगडाने घासू नये, कारण सततच्या घर्षणाच्या जागीही कोड उमटते. बावचीचे तेल लावून उन्हात बसवू नये. भाजल्यासारखे फोड येतात. स्टेरॉइडचे मलम मनाने महिनोन्‌महिने लावू नये. वृद्धांची मुळातच पातळ त्वचा अधिक पातळ होते. कोडासोबत थायरॉइडचा विकार आढळतो, म्हणून ती तपासणीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

कोड स्पर्शाने पसरत नाही. आजीच्या हातचा घास नातवाने निःशंक घ्यावा आणि तिच्या डागांवरचे मलम घरातल्याच कोणीतरी रोज आपल्या हाताने लावावे. तिला पदर ओढून बसण्याची वेळ येऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.